तिसरं कडवं

झिवाने माइक हातात घेतला तशी मिल्काने समोरची पेटी बंद केली. दिमोनातल्या या हॉलमध्ये चाळीस वर्षं नवरीच्या मेंदीला मिल्काच गात आली होती. पण आज तेल अवीवहून खुद्द झिवा आल्यावर मिल्काकडे कोण बघणार?

दोघी मूळच्या रेवदंड्याच्या, मराठी ज्यू घरांतल्या. लहानपणी एकाच विमानाने इस्रायलला आल्या, एकाच मास्तरांकडे गाणं शिकल्या. पुढे झिवाच्या हिब्रू गाण्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, ती टीव्हीवर झळकली. रेडिओवर तिचा आवाज लागला की मिल्का उठून रेडिओ बंद करायची.

झिवाने मेंदीचं जुनं मराठी गाणं उचललं. पहिली दोन कडवी झकास गायली, पण तिसऱ्याला ती अडखळली आणि तिने मिल्काकडे पाहिलं. पुढची ओळ मिल्काच्या ओठांवर आली होती. अडखळू दे एकदा तरी, असं मनात म्हणत तिने ओठ घट्ट मिटले.

झिवा नुसती हसली आणि तिने आपलं गाजलेलं हिब्रू गाणं सुरू केलं. पोरंपोरी नाचायला उठली, हॉल दणाणून गेला.

नवरीची म्हातारी आत्या मिल्काजवळ सरकली. "आपलं गाणं अर्धंच राहिलं गं. तू का नाही सांगितलंस पुढचं?"

"मलाही आठवलं नाही, आत्या."

म्हातारीने तिच्या हातावर थोपटलं. "असू दे. आता तुझंही वय झालं."

मिल्काने मान हलवली. दुसरं काय करणार होती?