आजीचा बेडूक

बेडूक कसा ओरडतो, यावरून तोकुजी आणि सूयिंग चाळीस वर्षं भांडले. तो जपानी, म्हणायचा "केरो केरो". ती चीनची, "ग्वा ग्वा"वरून तसूभर हटायची नाही.

सूयिंगला जाऊन आता वर्ष झालं. सकाळी देव्हाऱ्यातल्या तिच्या फोटोपुढे तोकुजीने वाटीभर गरम भात ठेवला, घंटी वाजवली. तेवढ्यात मागच्या खाचरात बेडूक ओरडला.

"ग्वा ग्वा," तोकुजी म्हणाला.

नात चिहारु खिदळली. "आजोबा, हरलात! तुम्ही तर केरो केरोवाले ना?"

"हरतोय कसला! पण आता तिच्या बाजूने कोण बोलणार? केरो केरो तू म्हण. आणि अगदी माझ्यासारखं हट्टाने म्हण हं, नाहीतर आजीला जिंकण्यात मजा यायची नाही."