परीक्षकाचा कान

"नुसतं ऐकायचं, काका. माझी बायको 'गुनादी' म्हणेल. मनात पाप आहे की नाही, तेवढं सांगा." तुकिरानने विर्योकाकांपुढे कॉफी आणि तळलेली केळी ठेवली.

विर्योकाका होल्यांच्या घुमण्याच्या स्पर्धेचे परीक्षक. उंच खांबांवर पिंजरे टांगलेले असत. त्यातल्या कुठल्या पक्ष्याचा घसा बसलाय, ते काका खालून सांगत. अख्ख्या जावा बेटात त्यांच्या कानाला तोड नव्हती. त्याच सकाळी त्यांनी शेजारच्या गुनादीच्या होल्याला पहिला नंबर दिला होता आणि तुकिरानच्या होल्याला शेवटचा. हा निकाल तुकिरानच्या मते साफ चुकीचा होता. पण कान तो कान.

"अरे, मला पक्ष्यांतलं कळतं," काका म्हणाले. "बायकांतलं माझ्या बायकोनेही कधी कळू दिलं नाही."

"गळा तो गळाच की!"

काकांनी केळं उचललं. म्हणजे तयार झाले.

तुकिरानची बायको लास्त्री बाहेर आली. "आणि पाप निघालं तर?"

"आजच्या आज माहेरी."

"मग मला पण खांबावर टांगा. काकांना सवय आहे." तरी ती म्हणाली, "गुनादी."

काकांनी डोळे मिटले. "सुरुवात स्वच्छ. मधे दम आहे. शेवट लांबलाय."

"लांबलाय!" तुकिरान उठलाच. "त्याच्या नावावर लांबते!"

"अरे, शेवट लांबला की आम्ही गुण वाढवून देतो."

"म्हणजे इथेही गुण त्यालाच!"

लास्त्री पायरीवर बसली. "काका, आता जरा यांचं ऐका."

"माझं कशाला? मी त्या गुनादीचं नावसुद्धा घेत नाही. गुनादीचा पिंजरा सागवानी, गुनादीच्या होल्याला रोज मध, बक्षीस घेताना तो गुनादी हसतो कसा, गुनादी चालतो कसा, गुनादी..."

काकांचं केळं हातातच राहिलं. "काय ध्यास आहे! असा आवाज मी फक्त माजावर आलेल्या नराचा ऐकलाय."

कुंपणावरून गुनादीचं डोकं वर आलं. "काय रे तुकिरान, कधीचा हाका मारतोयस. काय हवंय?"



"या ना भावजी, आत या," लास्त्री पदराला हात पुसत उठली. "मी माहेरी चाललेय. तुम्ही दोघं सुखाने नांदा."