समाधानी म्हातारा

"मामा, काय म्हणायचं?" योगीराजनं परत विचारलं.

"एका हेलपाट्यात काम झालं," धोंडीबा म्हणाला.

"आन् हसून म्हणा. मयताला आल्यावानी तोंड नका करू."

योगीराज तालुक्याच्या कचेरीतला मोठा कारकून. कचेरी सुधारायचा हुकूम वरून आला होता आणि ती सुधारली का ते बघायला आज पथक येणार, असं त्यानं सांगितलं होतं. म्हणून भिंतींना रंग लागला, पाण्याच्या माठावर नवं झाकण आलं, फुलांच्या कुंड्या भाड्यानं आणल्या. समाधानी माणूस मात्र भाड्यानं मिळेना. मग धोंडीबाला धरलं.

धोंडीबा मेंढरंवाला. त्याच्या विहिरीकडं जायची वाट गावातल्या एका बागायतदारानं नांगरून टाकली होती. विहीर धोंडीबाची, पाणी त्याचं, जायला वाट तेवढी नाही. दोन वर्षं तो या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. आज नीट बोललात तर वाट मोकळी करून देऊ, असा योगीराजचा वायदा होता.

"लबाड बोलून आनलेल्या वाटंनं तुमी जा," धोंडीबाशेजारी बसलेली त्याची बायको केवळाबाई पुटपुटली. "मी न्हाई यायची."

"गप बस."

जीप आली. कडक इस्त्रीतले तिघं उतरले. थोरल्या साहेबानं कुंड्या बघितल्या, माठातलं पाणी पिलं आणि खुर्ची ओढून तो थेट धोंडीबापुढं बसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, भिऊ नका. तुमच्यासाठीच आलोय आम्ही. असेल ते खरं सांगा."

या कचेरीत आजवर कुणी त्याला बस म्हणालं नव्हतं. धोंडीबाला भरून आलं.

"साहेब, ह्यांनी पढवलंय तसं न्हाई बोलायचो मी. वाट मोडली तवापासून यायलोय. बघायला एक मानूस आला न्हाई. हितं कुंड्यांला दोन टाइम पानी घालायलेत, तिकडं माझी मेंढरं तहानंनं मरायलेत! कचेरी कसली ही? तमाशाचा तंबू हाय!"

योगीराजनं कपाळाला हात लावला. केवळाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली.

साहेबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. धोंडीबाच्या पाठीवर थोपटलं आणि तो योगीराजकडं वळला.

"बघितलंत, भाऊसाहेब? म्हणून म्हणलं होतं, आधी तालीम घ्या. उद्या खरं पथक यायच्या आत दुसरा म्हातारा बसवा. नसला तर आमच्या कचेरीतला पाठवून देतो."