ताईंचा बटवा

परीक्षा अकरा वाजता होती आणि पावणेअकराच्या आत ताईंच्या मिस्टरांचे चार फोन येऊन गेले होते.

"अहो, अजून सुरूच नाही झाली. झाली की कळवते," ताई चौथ्यांदा म्हणाल्या आणि मोबाइल उजव्या हाताशी ठेवला. तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलायची त्यांची सवय साऱ्या ऑफिसला ठाऊक होती.

समोरच्या खुर्चीत नवी बसली होती. येऊन दीड वर्ष झालं तरी तिला सगळे नवीच म्हणत. रक्त तपासणाऱ्या मोठ्या लॅबचा हा कॉम्प्युटर विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि खिडकीच्या जागी कॅलेंडर. रोज सकाळी चारशेच्या वर रिपोर्ट मशिनींमधून उचलायचे, त्यांना नावं द्यायची आणि ज्याचा त्याला धाडायचे. हे सगळं ताईंनी लिहिलेल्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांचे तुकडे, करत. त्या एका फाइलीत होत्या, आणि फाइलीचं नाव होतं बटवा. पोट दुखलं की आजीच्या बटव्यातून पुडी निघते, तसा सर्व्हर कण्हायला लागला की ताईंच्या बटव्यातून चार ओळींचा तुकडा निघे आणि उतार पडे.

पण हा बटवा ताईंशिवाय कुणालाच वश होत नसे. म्हणून साहेब एकोणीस वर्षं त्यांना हलू देत नव्हते. मोठी रजा नाही, राजीनामा तर नाहीच. दुसरं कोणी हे काम एकटीनं करून दाखवलं की ताई मोकळ्या, ही साहेबांची अट. आधी दोघींनी करून पाहिलं होतं. दोघी नापास झाल्या आणि रडत रडत दुसऱ्या विभागात गेल्या.

नवीला पोटातून वाटत होतं, आपल्यामुळे ही बाई सुटावी. मिस्टर सहा वर्षांपूर्वी रिटायर झालेले. तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष बायकोकडे. पोहोचलीस का, जेवलीस का, खोलीत कोण कोण आहे, मघाशी कुणाशी हसत होतीस, सगळी विचारपूस. पाचच्या ठोक्याला ते फाटकाशी उभे असत. राजीनामासुद्धा त्यांनीच मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिला होता. ताईंनी नुसती सही केली. गावाबाहेर लांब घरही घेऊन ठेवलं होतं. नवी एकदा म्हणाली होती, माझं असं कोणी करील तर मी उद्याच घरी बसेन. त्यावर ताई म्हणाल्या होत्या, "छान आहे घर. दोघंच. शेजार नाही, पाजार नाही. मोबाइलला रेंजसुद्धा नाही." आणि पुन्हा कीबोर्डकडे वळल्या होत्या.

अकराला साहेब आले, खुर्ची ओढून नवीच्या मागे बसले. परीक्षा खऱ्या रिपोर्टांवर नव्हती. कालच्या चारशे बारा रिपोर्टांची नक्कल वेगळ्या मशीनवर ठेवली होती. ताईंनी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. त्या भिंतीशी बसून राहिल्या, हात मांडीवर.

नवीनं बटवा उघडला. पहिला तुकडा उचलून चालवला, रिपोर्ट आले. दुसऱ्यानं तारखा लागल्या. तिसरा नावं देण्याचा. हा तिनं चाळीसदा तरी चालवला होता. तिनं तो उचलला, चिकटवला, बटण दाबलं.

पडदा सरसर पळाला आणि थांबला. फोल्डरमध्ये एकच रिपोर्ट उरला होता.

प्रत्येक रिपोर्टाला नावापुढे वेगळा आकडा मिळायला हवा होता. तो मिळालाच नाही. सगळ्यांना एकच नाव पडलं, आणि दुसरा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर असे चढत चढत चारशे अकरा पुसले गेले.

"चालवण्याआधी वाचलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

"ताईंच्या बटव्यातलं आहे, साहेब," नवी म्हणाली. देवाच्या पोथीत कोणी शुद्धलेखन तपासतं का?

साहेब उठले. खरे रिपोर्ट असते तर काय झालं असतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. मग ताईंकडे वळून म्हणाले, आता वर्षभर तरी विषय काढू नका. ताईंनी मान खाली घातली. पोरीला मात्र हलवू नका, एवढंच त्या म्हणाल्या. मी तयार करते तिला. साहेब हो म्हणून गेले.

फोन वाजला. दुसऱ्याच रिंगला ताईंनी उचलला.

"नाही हो, नाही जमलं तिला. साहेब ऐकतच नाहीत. मी काय करणार, माझ्या हातात आहे का काही?"

पलीकडचा आवाज बराच वेळ चालू राहिला. ताई ऐकत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी नवीच्या पाठीवरून हात फिरवला, होतं गं असं, म्हणाल्या, आणि दोघींसाठी चहा आणायला खाली गेल्या.

नवीनं डोळे पुसले आणि तिसरा तुकडा वाचायला घेतला, या वेळी एकेक अक्षर. आकडा देणारा शब्द त्यात नव्हताच. कालपर्यंत तो असणारच, नाहीतर चाळीसदा आकडे पडलेच नसते. आपणच चुकून खोडला की काय, या भीतीनं तिनं फाइलीचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं, हे मशीन तिथं आपोआप टिपून ठेवतं.

त्या ओळीत एकोणीस वर्षांत तीनदाच काही खोडलं गेलं होतं. चार वर्षांपूर्वी, आधीच्या दोघींपैकी पहिलीच्या परीक्षेच्या सकाळी. दोन वर्षांपूर्वी, दुसरीच्या परीक्षेच्या सकाळी. आणि आज, आठ पन्नासला. तिन्ही वेळा तोच एक शब्द काढलेला, आधीच्या दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी गुपचूप परत घातलेला, आणि पुढे नाव ताईंचं.