चौथा खडू
"खडू बदला म्हटलं, वहिनी! रेघच उमटत नाही याची," दीर करवादले. वहिनीने चौथा खडू पुढे केला. तिच्या कारखान्यात कापड बेतणारे ते एकटेच. 'दुसरा कटर तयार करणे' ही ओळ ती दरवर्षी नव्या कॅलेंडरवर घोटून उतरवायची, आणि भाऊजी दुखावतील म्हणून तिथेच सोडायची. आज टेबलावर चारशे गणवेशांचं कापड पडलं होतं, सगळं चार बोटं आखूड कापलेलं. परवा माल गेला नाही तर कारखान्याला कुलूपच लागणार होतं. शिवणाऱ्या बायका मान वर न करता मशीनना तेल देत होत्या. "कापडच आटलं असेल," एक म्हणाली. दीर रेघेवर रेघ ओढत होते, ठसठशीत, पांढरीफटक. वहिनीने त्यांचा हात धरला. "भाऊजी, खडू चांगला आहे. तुम्हाला दिसत नाही. आणि हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे."