निळे की पांढरे

तेरा वर्षांत वेंडेल हॅलरनने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना चुकवला नव्हता; संघासाठी चेंडू फेकायचं काम त्याचंच. “असा टणक क्वार्टरबॅक दुसरा नाही,” टीव्हीवरचे जाणकार म्हणत, “त्याचे चेंडू झेलणाऱ्या नवख्या ट्रेव्हॉनचं तर नशीबच उघडलं!”

रविवारी ओहायोतल्या गोठलेल्या मैदानावर निळ्या जर्सीतला वेंडेल डोक्यावर आपटला आणि झटकन उठलाही. पण त्याची नजर भलतीकडेच लागलेली ट्रेव्हॉनने पाहिली.

डॉक्टर धावत ट्रेव्हॉनकडे आले. “तू जवळ होतास. ठीक आहे ना रे तो?”

ट्रेव्हॉनचा नवा करार महिन्यावर आला होता.

“एकदम ठणठणीत!”

खेळ सुरू व्हायच्या आत वेंडेलने त्याला जवळ ओढलं. “पोरा, आपण निळे की पांढरे रे?”

ट्रेव्हॉनने त्याच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

“निळे. चेंडू माझ्याकडेच फेक, दादा.”