मालकांचं नाव

"मालकांचं नाव सांगा," चिंतामण परत म्हणाला.

जाळीपलीकडच्या बाईनं अंगठा आधीच शाईत बुडवला होता. तो तसाच हवेत धरून उभी होती.

मॅट्रिकचा निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात चिंतामण कऱ्हाडच्या या बँकेत चिकटला. खिडकीवर बसायचा हा पहिलाच दिवस. त्यात आज एक तारीख. लढाईवर गेलेल्यांच्या बायका आजच पैसे काढायला येतात. रांग ओसरीवरून खाली रस्त्यात गेली होती. बाकीचे दोघं कारकून बी.ए. होते. एक तारखेची खिडकी त्यांनी मोठ्या मनानं याला दिली होती.

सकाळी शाखेच्या मुख्यांनी, एजंटसाहेबांनी, बजावलं होतं, "अंगठे सगळे सारखेच दिसतात. बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकल्याशिवाय एक पै द्यायची नाही. तुझ्या आधीच्यानं स्वतःच नाव वाचलं. बाईनं मान हलवली. ती बाई दुसरीच निघाली."

त्याच्या पुढचं शिपायानं सांगितलं. त्या पोराची नोकरी गेली. त्याला जामीन राहिलेल्या चुलत्याला घर विकायला लागलं.

चिंतामणला मामा जामीन राहिले होते. मामा सही करत होते तेव्हा मामी दारात उभी होती. तिची नजर त्या कागदावरच होती.

"आवं, तितं लिवलंय की," बाई हळूच म्हणाली. "तुमीच वाचा."

"मी वाचून चालत नाही. तुम्ही सांगायचं असतं."

मागं एक म्हातारा पेन्शनर उभा होता. तो ओरडला, "घे की गं उखाण्यात! पोरगं बिनलग्नाचं हाय, तेवढंच शिकंल!"

पुढचे चारपाच जण हसले. बाई हसली नाही. ती जाळीजवळ आली.

"सायेब, सणासुदीला घेतोच की आमी. ते घरी असतं तर आत्ताबी घेतलं असतं. पर तिकडं बर्मात गोळ्या चालल्यात. नाव घेतलं की आयुष्य कमी हुतं म्हंत्यात."

चिंतामणला कुणी साहेब म्हटलेलं हे पहिल्यांदाच. त्यामुळं त्याला आणखीच भीती वाटली.

"मग पैसे नाही देता यायचे," तो म्हणाला.

"सासू मिरजंच्या दवाखान्यात हाय. उद्या पोट फाडायचंय." ती जाळीशी आणखी वाकली. "त्येंचीच आई हाय वो."

एजंटसाहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून त्यांचे नुसते बूट दिसत होते. विचारायला जावं तर म्हणतील, एवढंही जमत नाही? न विचारता द्यावं तर मामांचं घर. बाईच्या अंगठ्यावरची शाई वाळत चालली होती.

आणि एकदम त्याला सुचलं. लढाईवरच्या खातेदारांची नावं एका वेगळ्या कागदावर होती. तो कागद त्यानं पुढं ओढला.

"हे बघा, मी बरीच नावं वाचतो. दुसऱ्यांचीपण. तुमच्या मालकांचं आलं की नुसती मान हलवा. म्हणजे तुम्ही नाव घेतलं असं होणार नाही, आणि खरं-खोटं मलाही कळेल."

बाईनं विचार केला. "तुमी घेतलं तर चालतंय," ती म्हणाली. "तुमी परकं."

साहेबांनाही ऐकू जावं म्हणून चिंतामण उभा राहिला. कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला.

"ज्ञानू बाळा!"

बाई हलली नाही.

"लालासाहेब रामजी! गुंडा सखाराम!"

ती तशीच.

"कृष्णात तुकाराम!"

तिनं डोळे गच्च मिटले आणि मान हलवली. खात्रीसाठी त्यानं पुढचंही एक वाचलं, "जोतीराम हरी!" ती हलली नाही. कागदावर तिचं नाव होतं राहीबाई कृष्णात. नाव, गाव तिनं आधी सांगितलं होतं तेच. बरोबर बाई होती. चिंतामणनं श्वास सोडला. तिनं अंगठा उठवला, त्यानं नोटा जाळीखालून सरकवल्या.

मग त्याच्या लक्षात आलं, कुणीच हसत नव्हतं.

पुढच्यांना सगळं ठाऊक होतं. बाहेरच्यांना एवढंच दिसलं होतं, की आत एक माणूस हातात कागद घेऊन उभा राहिला आणि लढाईवरच्या माणसांची नावं मोठ्यानं वाचायला लागला.

उंबऱ्याशी एक बाई खाली बसली होती. दोघी तिला धरून होत्या. रस्त्यावरून कुणीतरी विचारत होतं, "गुंडा म्हनला का? कुठला गुंडा? सखारामाचा?"

"अहो, काही झालेलं नाही!" चिंतामण ओरडला. "सगळे चांगले आहेत!"

ते त्याला कुठं माहीत होतं?

रांग मोडून एक पोरसवदा बाई पुढं घुसली. राहीबाई नोटा मुठीत धरून बाजूला झाली. त्या पोरीनं दोन्ही हातांनी जाळी धरली.

"लालासाहेब म्हनलासा न्हवं?"

"हो, पण तसं काही नाही. नुसतं नाव वाचलं मी. खरंच काही झालेलं नाही."

तिची बोटं जाळीत पांढरी पडली होती.

"काय झालं न्हाई," ती म्हणाली, "तर मग नाव का घेतलंसा?"